गाडीपुढं बांधलेलं पाणी

भवानी पेठेत गळक्या रेडिएटरला कथलाचा डाग द्यायच्या दुकानात एक बाई बसते, असं चौऱ्याहत्तर साली सोलापुरात कुणाला सांगितलं की तो आधी हसायचा. मग त्याची स्वतःची गाडी उकळली की मुकाट तिच्याच दारात यायचा. बाईचं नाव गुरम्मा. दुकान तिच्या नवऱ्याचं, शिवयोगीचं. जन्मभर कथलाच्या नि तेजाबाच्या वाफेवर वाकून त्याचे डोळे गेले, समोरचा माणूससुद्धा त्याला धूसर दिसू लागला. तेव्हा इतकी वर्षं शेजारी बसून नुसतं बघत आलेल्या गुरम्मानं पदर खोचला आणि तापलं लोखंड स्वतः हातात घेतलं.

धाकटा दीर बसलिंगप्पा याला हे बिलकूल मानवलं नाही. वडिलार्जित जागेत त्याचाही वाटा होता आणि तिथं चादरींचं दुकान टाकायचं त्याच्या मनात होतं. वहिनीनं गाड्यांखाली वाकावं याची त्याला लाज वाटायची, हेही खरंच. माणूस वाईट नव्हता, पण एकदा डोक्यात घेतलं की सोडायचा नाही.

त्यातच चनमल्लप्पाची डॉज आली. लांबलचक जुनी अमेरिकन गाडी, मंगळवेढ्याला उतारू भरून वडाप करणारी. पेट्रोल महागलं म्हणून त्यानं मूळ इंजिन काढून लॉरीचं डिझेल इंजिन बसवलं होतं. इंजिन दणकट होतं, पण जुन्या रेडिएटरला त्याची धग पेलवेना. कामतीच्या अलीकडंच बॉनेटमधून वाफ निघायची आणि उतारू शिव्या घालत एसटीला हात करायचे. गुरम्मा म्हणाली, लॉरीच्या इंजिनाला लॉरीचाच रेडिएटर हवा. उलटलेल्या एका लॉरीचा रेडिएटर भंगारात पडला होता, एका अंगानं चेपलेला. तोच तिनं उचलून आणला.

तो बघून बसलिंगप्पानं चारचौघांत सांगून टाकलं, "वैनी, ह्या भंगारावर गाडी न उकळता मंगळवेढ्याला पोचली, तर मी परत दुकानाचं नाव काडणार न्हाय. उकळली तर मात्र कुलूप."

गुरम्मा व्हय म्हणाली. बोलून तर बसली, पण पुढं कितीतरी दिवस तिच्या घशाखाली भाकरी नीट उतरली नाही. दुकान गेलं तर विड्या वळून पोट भरता आलं असतं. पण दिवसभर दुकानाच्या उंबऱ्याशी बसून लोखंडाचा आवाज ऐकणाऱ्या नवऱ्यानं मग काय ऐकायचं, हा विचार तिला सोसवत नव्हता.

तिनं चेपलेल्या नळ्या काढून तोंडं बुजवली, वाकलेले पत्रे एकेक करून सरळ केले, गाडीचा पुढचा पत्रा छिन्नीनं कापून जागा केली. गाडीत चढवण्याआधी रेडिएटर हौदात बुडवून सायकलच्या पंपानं हवा भरली. बुडबुडा दिसतो का ते तिनं पाहिलं आणि शिवयोगीनं पाण्याशी कान नेऊन ऐकलं. कुठं गळत नाही, म्हणाला. तिला तेवढ्यानं धीर यायला हवा होता, पण आला नाही.

सकाळी गाडी निघाली. एप्रिलचं ऊन वर यायच्या आतच झळा लागत होत्या. मागं उतारू दाटीवाटीनं बसले, त्यांच्यात बसलिंगप्पाही. गुरम्मा पुढं, चनमल्लप्पाच्या शेजारी. तापमानाच्या काट्यावरून तिची नजर हलेना.

तिऱ्हे गेलं तेव्हा काटा मधोमध होता. पुढं तो चढू लागला. चनमल्लप्पानं वेग कमी केला तर आणखी चढला. कामती गेल्यावर काटा तांबड्या रेघेला टेकायला आला. मागचे उतारू एकमेकांत कुजबुजायला लागले.

"थांबीव," ती म्हणाली.

एका लिंबाखाली गाडी थांबली. गुरम्मानं बॉनेट उघडून एकेका डागावर नजर फिरवली. सगळे कोरडे, थेंबाचाही पत्ता नाही. मग चुकलं कुठं? मागून बसलिंगप्पा आला. आता हट्ट सोडा, आत पाणी ओता आणि गाडी माघारी वळवा, असं त्यानं सांगितलं. आवाज चढवला नव्हता. उलट त्याला तिची कीव आली होती आणि तीच तिला झोंबली.

पाणी घ्यायला ती गाडीच्या तोंडाशी आली. तिथं दोन छागली टांगल्या होत्या, जाड कापडाच्या, पाण्यानं टम्म फुगलेल्या. छागलीतलं पाणी भर उन्हात गार राहतं, म्हणून तर गाडीवाले ती बाळगतात. गुरम्मानं पिशवीमागं हात घातला आणि तिला चटका बसला. रेडिएटरकडची बाजू कढत झाली होती.

ती तशीच उभी राहिली. चनमल्लप्पा आपली छागल नेहमी बाजूला, आरशाच्या दांड्याला अडकवायचा. आज निघताना तिनंच ती पुढं आणली होती. शिवाय घरून दुसरी भरून आणून जाळीवर आडवी बांधली होती. गाडी उकळलीच तर पाणी हाताशी असावं म्हणून. त्या दोन पिशव्यांनी रेडिएटरला थंड करणाऱ्या वाऱ्याची वाट अडवली होती. चनमल्लप्पाला ते खटकलं होतं, पण डाग देणारीच बांधतेय म्हटल्यावर तो गप्प बसला होता.

तिनं दोन्ही पिशव्या सोडल्या. उतारूंना म्हणाली, प्या. ज्याला हवं तो प्याला, बसलिंगप्पासुद्धा प्याला, तोंड वाकडं करून. उरलेलं पाणी ती लिंबाच्या बुडाशी ओतू लागली तेव्हा चनमल्लप्पा घाबरला.

"अक्का, डिकीत तरी राहू द्या की. बेगमपूरपर्यंत पाणी न्हाय कुटं."

"जवळ ऱ्हायलं तर परत बांदीन मी," गुरम्मा म्हणाली आणि पिशवी उलटी करून झटकली.

गाडी निघाली. काटा काही वेळ होता तिथंच चिकटून राहिला. गुरम्मानं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं होतं. मग काटा हलला, किंचित खाली आला. भीमेचा पूल येईतो तो मधोमध येऊन बसला आणि मंगळवेढ्याच्या स्टँडापर्यंत तिथून ढळला नाही. बसलिंगप्पा उतरला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, आणि येताना मी पुढं बसू का, एवढंच त्यानं विचारलं. दुकानाचं नाव त्यानं पुन्हा कधी काढलं नाही. शब्दाचा पक्का होता, हे त्याचं मानायला हवं.

संध्याकाळी शिवयोगी उंबऱ्याशी वाट बघत होता. गुरम्मानं त्याला सगळं सांगितलं, पिशव्या कुणी बांधल्या तेही. त्यानं ऐकून घेतलं.

"मी एवढे रेडेटर जोडले," तो म्हणाला, "माज्या एका तरी गाडीम्होरं पानी बांदलंवतंस का गं?"

"न्हाय," गुरम्मा म्हणाली, आणि तिला रडूच आलं.