श्रावणातली सही

शेजारच्या देसाई वहिनींनी मला फसवलं. दोन वर्षं माझ्या कोंबड्यांची अंडी त्यांनी कुंपणावरून नेली आणि श्रावणात, त्यांच्या घरी अंडं चालत नाही त्या महिन्यात, महापालिकेच्या तक्रारअर्जावर सही केली. वास येतो, कलकलाट होतो, असं अर्जात होतं. नोटिशीबरोबर त्याची प्रत आली, तेव्हा सही दिसली. सहाही कोंबड्या मी मेव्हण्याच्या गावी सोडून आलो.

परसातल्या खुराड्याच्या जाळीत एक तपकिरी पीस अडकलंय. वाऱ्याने हलतं. चहा गार होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसतो. भंगाराच्या धंद्यात मी आवाज चढवूनच उभा राहिलो, पण या पिसापुढे रागसुद्धा येत नाही. गरज असते तोवर माणसाला वास येत नसावा. ती महिनाभर थांबली की नाक जागं होतं. मीही गिऱ्हाइकांशी कधी असाच वागलो असेन. पीस हलत राहतं.

काल वहिनी वाटी घेऊन कुंपणापाशी आल्या.

"भावोजी, श्रावण संपला हो. चार अंडी मिळतील?"

"कोंबड्याच नाहीत आता."

"अगंबाई! खरंच घालवल्या? मला वाटलं, नुसती समज देतील."

"मग सही कशाला केलीत?"

"सगळ्यांनीच केली की!"

"सगळ्यांचं सोडा, वहिनी. अंडी तुम्ही नेत होतात. तुमच्या सहीचं तुम्ही सांगा. मी इथेच उभा आहे."