पाच कामं हातात, संक्रांत दारात

अर्धवट विणकाम आणि किस्से, दोन्ही मुद्दाम जमवावे लागत नाहीत. आपण आपल्या कामात असतो आणि एक दिवस ट्रंकेचं झाकणच बसेनासं होतं. माझ्याकडे दोन्हीचा साठा भरपूर आहे. विणकामाचं आता काही होणं नाही, डोळे साथ देत नाहीत. निदान किस्से तरी हातावेगळे करते.

नव्वदच्या दशकात आम्ही नेरूळला नव्या सोसायटीत राहायला गेलो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधल्या मोकळ्या जागेत आम्ही. माझा फ्लॅट तळमजल्यावर, त्यामुळे दुपारी दोन ते पाच आम्ही चौघी माझ्याकडेच हातात काहीतरी काम घेऊन बसत असू. वर्षभर हे निवांत चाले. एक जानेवारीला मात्र प्रत्येकीच्या अंगात येई. नवं वर्ष म्हणून नवं काम काढायचं, जुनं राहिलंय म्हणून तेही काढायचं, आणि सगळं संक्रांतीच्या आत संपवायचं. म्हणजे पाच कामं आणि तेरा दिवस. आमच्यात गणित कोणाचंच चांगलं नव्हतं.

खरी निकड मात्र एकट्या नलूताईंना होती. नलूताई आमच्यात मोठ्या, मूळच्या मालवणकडच्या, शाळेत शिवणाच्या बाई म्हणून रिटायर झालेल्या. त्यांची मुलगी वृषाली रबाळ्याला एका कारखान्यात नोकरीला होती. तिथल्याच एका मुलाशी तिने घरी न विचारता लग्न केलं. नलूताई म्हणाल्या, "पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस." वृषाली म्हणाली, "तूही माझ्या दारात येऊ नकोस." दोघी मायलेकी शब्दाच्या पक्क्या. नेरूळ ते रबाळे म्हणजे रिक्षाने अर्धा तास, पण अडीच वर्षं एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि मग एका गणपतीत वृषालीला मुलगी झाल्याची बातमी आली.

पुढच्या जानेवारीत नलूताईंनी काळं झबलं शिवायला घेतलं, टोपरं विणायला घेतलं, दुपटं भरायला घेतलं आणि हलव्याच्या दागिन्यांची तयारी सुरू केली. मी विचारलं, "कोणासाठी हो?"

"ऑर्डर आहे," नलूताई म्हणाल्या.

नातीचं पहिलं बोरनहाण आपल्या हातच्या दागिन्यांनी व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती. हे आम्हाला सगळ्यांना कळलं होतं आणि ते कळलेलं नाही असं दाखवायचं, हे पाचवं काम आमच्याकडे आलं.

*

नलूताईंचा आमच्यातला ठरलेला शब्द म्हणजे "उसव." चूक मोठी असो की लहान, शिक्षा एकच.

मिसेस कर्णिक दादरहून आलेल्या. जो क्लास निघेल तो त्या लावायच्या. त्यांनी कर्णिकसाहेबांसाठी एक स्वेटर विणायला घेतला होता. पहिल्या जानेवारीत पाठ विणून झाली. नलूताईंनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, "अठराव्या ओळीत टाका सुटलाय. उसव."

"अहो, पाठीवर येतो तो. ह्यांना दिसणारसुद्धा नाही."

"मला दिसेल."

दुसऱ्या जानेवारीत बाह्या उसवल्या. तिसऱ्या जानेवारीत स्वेटर पुरा झाला तेव्हा भर दुपार होती आणि नेरूळमध्ये कावळेसुद्धा सावली शोधत होते. आम्ही चौघी स्वेटर बघायला वर कर्णिकांकडे गेलो. साहेब स्वेटर घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, पंखा पाचावर ठेवून त्याच्या बरोबर खाली बसले होते.

"कसा झालाय?" मिसेस कर्णिकांनी विचारलं.

"पंखा चालू आहे तोवर उत्तम," साहेब म्हणाले.

*

चौथ्या आमच्या शिंदे वहिनी. साताऱ्याकडच्या. त्यांचे मालक वाशीच्या मार्केटात पोती उचलायचे. वहिनींना विणकाम-भरतकाम म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग वाटायचे. त्या गोधडी शिवत. जुन्या साड्या मिळतील तिथून मिळवत आणि फाडताना कात्री वापरत नसत. एक टोक दातात धरायचं, झटका द्यायचा, की सरळ पट्टी तयार.

सगळ्यांची सगळी कामं माझ्या दिवाणावर एकत्र पडलेली असत. त्यात मिसेस कर्णिकांची संक्रांतीची काळी साडी होती. कोरी. तिला फॉल लावून द्यायचं मी कबूल केलं होतं आणि माझ्या पद्धतीप्रमाणे आठ दिवस हात लावला नव्हता. मी चहा ठेवायला आत गेले. परत आले तर साडीच्या सहा पट्ट्या झाल्या होत्या.

"वहिनी, ती नवी होती हो," मी म्हटलं.

वहिनींनी पट्टी उलटीपालटी करून बघितली. "मला पन नवीच वाटली. म्हटलं, मोठ्या लोकांचं जुनं आसंच आसंल."

मिसेस कर्णिक दोन दिवस आमच्याकडे आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि ती गोधडी मागून घेऊन गेल्या. पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या पलंगावर असायची. पदर पायाशी येतो एवढं सोडलं तर तक्रार नाही, असं म्हणत.

*

वहिनींच्या मालकांना, म्हणजे शिंदेभाऊंना, आमच्या कलेत एकदाच रस वाटला. मिसेस कर्णिकांनी मॅक्रमेच्या दोरीचं कुंडी टांगायचं शिंकं केलं होतं. नवरात्रीतल्या क्लासमध्ये सुरू केलेलं, जानेवारीत संपलेलं. माझ्या बाल्कनीत ते टांगलं आणि आम्ही लांबून बघत उभ्या राहिलो. भाऊ वहिनींना न्यायला आले होते. त्यांनी गाठ बोटांनी चाचपली.

"ही गाठ शोभंची हाय. वज्याची न्हाय."

मग त्यांनी शिंकं खाली घेतलं, वरची गाठ सोडली आणि मार्केटात पोत्याला बांधतात तशी बांधली. एक मिनिट लागलं. आम्ही तो फ्लॅट सोडला तेव्हा सामान हलवणाऱ्या तिघांनी ती गाठ सोडायचा प्रयत्न केला. चौथ्याने सुरी आणली, तर दोरी नायलॉनची, तीही दाद देईना. कुंडी नव्या मालकांकडेच राहिली. खरेदीखतात तिचा उल्लेख नाही.

*

नलूताईंना दागिन्यांसाठी मापं हवी होती. बाळाचं डोकं केवढं, गळा केवढा, मनगट केवढं. आणि बाळ तर त्यांनी पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे जवळच्या गावातून हिराबाई मासे घेऊन यायची. तिच्या कडेवर पाच महिन्यांचा नातू असायचा. एका दुपारी नलूताईंनी बोंबील घेतले आणि सहज सुचल्यासारखं म्हणाल्या, "आण गं त्याला इकडे." टेप काढून त्याच्या डोक्याभोवती गुंडाळली. मग गळा, मग मनगटं. पोरगं शहाणं, टेप चोखत बसलं.

हिराबाई आधी आमच्या तोंडाकडे, मग टेपकडे बघत राहिली. तिला आमचं पाचवं काम कोणी सांगितलं नव्हतं.

"बाय, नातीसाठी करताव ना? मंग नातीचा डोका मापा. माज्या नातवाचा कशाला?"

मिसेस कर्णिकांची सुई थांबली. मी खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर काही नव्हतं.

"साडेसोळा," नलूताईंनी वहीत लिहिलं. मग त्या बोंबील घेऊन आपल्या घरी गेल्या आणि त्या दिवशी परत आल्या नाहीत.

*

हलवा करणं हे शांत माणसाचं काम आहे. मंद आचेवर परात, परातीत खसखस, त्यावर चमचाभर पाक, आणि मग बोटांनी हळूहळू फिरवत राहायचं. काटे यायला दिवस लागतात आणि थंडी लागते. थंडी आमच्याकडे नव्हती, म्हणून नलूताई पहाटे उठून बसत. सहा दिवसांत हलवा झाला, आणखी दोन दिवसांत दागिने. मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा, वाळे. एवढंसं सगळं. खाडीच्या हवेने चिघळायला नको म्हणून त्यांनी ते माझ्या दिवाणावर वर्तमानपत्र पसरून वाळत ठेवले.

त्याच दिवाणावर मिसेस कर्णिकांची रंगवलेली मडकी होती, आणि वार्निशचा डबा होता. नलूताई देवळात गेल्या होत्या. साडीवरून दोन दिवस रुसल्यानंतर मिसेस कर्णिकांना सगळ्यांशी फार चांगलं वागायचं होतं.

नलूताई आल्या तेव्हा दागिने चकाकत होते.

"आता बघा, शंभर वर्षं काही होणार नाही," मिसेस कर्णिक म्हणाल्या. "दोन हात दिलेत."

नलूताईंनी हार उचलून नाकाशी नेला. मला वाटलं, आता ह्या बाईला वरपासून खालपर्यंत उसवणार. बोरनहाणात पोरं दागिने ओढून खातात, हे मिसेस कर्णिकांच्या लक्षात आलं तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. मला त्या दोघींचीही इतकी दया आली की मी उगाचच चहा टाकला.

"संक्रांत गेली तरी रथसप्तमीपर्यंत चालतं," नलूताई शेवटी म्हणाल्या. "खसखस आहे का कोणाकडे?"

वार्निश केलेला संच मिसेस कर्णिकांच्या शोकेसमध्ये आहे. पाहुणे विचारतात, चिनीमातीचा का?

*

दुसरा संच रथसप्तमीच्या आदल्या रविवारी तयार झाला. पोचवायला मी आणि शिंदे वहिनी जायचं ठरलं. रिक्षा आली तेव्हा नलूताई आधीच आत बसलेल्या होत्या, खोकं मांडीवर धरून, ठेवणीतली साडी नेसून.

"ऑर्डर नीट पोचते की नाही बघायला हवं," म्हणाल्या. "मी खाली थांबेन."

रबाळ्याला रविवारमुळे कारखान्यांची फाटकं बंद होती, रस्ते मोकळे. वृषालीची बिल्डिंग मागच्या बाजूला, तीन मजली. नलूताईंनी खोकं माझ्या हातात दिलं आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "तुम्हीही थांबा." आम्ही दोघी दुसऱ्या मजल्यावर गेलो.

दार वृषालीनेच उघडलं. तिने आम्हाला ओळखलं आणि काही न विचारता आत घेतलं. खुर्चीवर अर्धा विणलेला मोजा होता, खिडकीत अर्धं रंगवलेलं मडकं. टेबलावर पुठ्ठ्याचा एक मुकुट, त्याला निम्म्यापर्यंत विकतचा हलवा चिकटवलेला, निम्मा कोरा. संध्याकाळी शेजारच्या चार पोरांना बोलावलं होतं, म्हणाली. परातीत बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या असं सगळं तयार होतं.

मी खोकं दिलं. तिने एकेक दागिना काढून टेबलावर मांडला, आणि शेवटी काळं झबलं काढलं. बराच वेळ ती ते हातात धरून उभी राहिली. मला रडू येणार होतं, पण शिंदे वहिनींनी आधीच पदर डोळ्यांना लावला होता, म्हणून मी पाणी मागितलं.

"आली आहे?" वृषालीने विचारलं.

"खाली रिक्षात आहेत."

"वर नाही येणार?"

"तुझ्या दारात यायचं नाही, असं तुमचं ठरलंय म्हणाल्या."

"हो. ठरलंय," वृषाली म्हणाली.

तिने पाळण्यातून पोरीला उचललं, झबलं घातलं, दागिने चढवले. पोरगी गोरीपान, मुकुट घालून आमच्याकडे अशी बघत होती की जणू आम्हीच उशिरा आलोय. मग वृषालीने परात उचलून शिंदे वहिनींच्या हातात दिली आणि पोरीला घेऊन चपला न घालता जिना उतरायला लागली.

नलूताई समोर बघत बसल्या होत्या. वृषाली रिक्षाशी जाऊन उभी राहिली. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि आरसा फिरवून घेतला.

"सरक," वृषाली म्हणाली.

नलूताई सरकल्या.

वृषाली आत बसली आणि पोरीला आईच्या मांडीवर ठेवलं. शिंदे वहिनींनी एका बाजूने मूठमूठ बोरं-चुरमुरे डोक्यावरून सोडायला सुरुवात केली. परात बघून बिल्डिंगमधली पोरं धावत आली, चार बोलावली होती ती आणि न बोलावलेली सातआठ. सीटखाली शिरून बोरं गोळा करायला लागली. एकाने बाळाचा बाजूबंद ओढून खाल्ला. नलूताईंनी त्याला काही म्हटलं नाही, दुसरा हात पुढे केला. रिक्षावाल्याच्या केसांत चुरमुरे पडले होते, ते त्याने झटकले नाहीत.

पोरं पांगली तरी वृषाली उतरली नाही. रिक्षावाल्याने वाट बघितली आणि मग विचारलं, "ताई, कुठं घेऊ?"

"घ्या कुठेही," वृषाली म्हणाली.

रिक्षा सुरू झाली, वळली आणि कारखान्यांच्या रस्त्याला लागली. आम्ही दोघी परात घेऊन बिल्डिंगच्या फाटकात उभ्या होतो. पाऊण तास झाला. वरती वृषालीच्या घराचं दार उघडंच होतं.

शिंदे वहिनींनी परातीत राहिलेली दोन बोरं काढली, एक मला दिलं, एक स्वतः तोंडात टाकलं आणि पायरीवरची धूळ पदराने झटकली.

"बसा," म्हणाल्या. "उशीर लागंल."