सात टक्क्यांची नळी

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी डोंबिवलीला राहायचो आणि ठाण्याच्या एका लहानशा औषधी कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी करायचो. मालकांना दह्यातले जंतू घातलेलं पोटाचं औषध काढायचं होतं. औषध पातळ आणि खारट. जंतू त्यात टाकले की चार दिवसांत मरायचे. आमचे साहेब मला म्हणाले, "त्यांना मिठाची सवय लावून बघा. एकदम नको, हळूहळू."

मी एक टक्का मिठापासून सुरुवात केली. त्यात वाढलेले जंतू दोन टक्क्यांत घातले, त्यातले तीन टक्क्यांत. चार टक्क्यांना त्यांचा वेग मंदावला. एरवी जंतू वाढून रात्रभरात गढूळ होणारी नळी तीन दिवस घ्यायला लागली. मायक्रोस्कोपखाली तर ते ओळखूच येईनात. आखूड काड्यांसारखे असायचे, त्यांचे लांबलचक दोरे झाले होते. वाढत होते, पण तुटून वेगळे होत नव्हते. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. सहा टक्क्यांत कसेबसे टिकले. साहेबांना सात हवे होते, आणि सातची नळी लागोपाठ पाच वेळा नितळच राहिली.

सहाव्या खेपेला ती गढूळ दिसली. मी तसाच साहेबांच्या खोलीत धावलो. त्यांनी माझी पाठ थोपटली, मालकांना फोन लावला. नंतर मी एक थेंब काचेवर घेऊन पाहिला. काड्या नव्हत्याच. गोल ठिपके होते, द्राक्षांच्या घोसासारखे. हे दह्यातले नव्हेत, माणसाच्या कातडीवरचे. त्यांना मीठ चांगलं मानवतं. माझ्या अंगठ्याला त्या आठवड्यात गळू झालं होतं.

"साहेब, चूक झाली," एवढंच जाऊन म्हणायचं होतं. तेवढ्यात खाली मालकांची गाडी थांबल्याचा आवाज आला. मी काच पुसली आणि वहीत लिहिलं : सात टक्के, वाढ उत्तम, आकार काडीचा.

मला वरची जागा मिळाली. माझी वही एका नव्या बाईंच्या हाती गेली. त्या कल्याणहून यायच्या, माझ्याच वयाच्या, कामाला फार नेटक्या. त्यांची सातची नळी काही केल्या गढूळ होईना. एकदा त्यांनी मला विचारलं, "तुम्ही किती दिवस थांबला होतात हो?"

"हात बसायला वेळ लागतो," मी म्हणालो.

हे मी खरोखरच म्हणालो. त्या बिचाऱ्या घरी जायची वेळ टळून गेली तरी काचसामान पुन्हा पुन्हा उकळत बसायच्या.

तीन महिन्यांनी त्यांना कपाटात मागे पडलेली माझी जुनी सात टक्क्यांची नळी सापडली. त्या ती घेऊन साहेबांकडे आल्या. मी तिथेच होतो. "यात काड्या नाहीत, साहेब. गोल जंतू आहेत. पहिल्यापासून हेच असणार."

साहेबांनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं. "ही तुमच्याच हातून दूषित झाली असेल," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही पाहिलंत तेव्हा काय होतं?"

"काड्या," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चिडल्या नाहीत. नळी उचलून स्टँडमध्ये ठेवली आणि बाहेर गेल्या. महिना संपायच्या आत त्यांनी नोकरी सोडली.

त्या कल्याणच्या एका शाळेत शिकवतात, असं दोन वर्षांनी कळलं. मी पत्ता काढून घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं.

"मी खोटं बोललो होतो," मी म्हणालो.

"ठाऊक आहे मला."

"माफ करा."

"माझ्याकडे कशाला आलात? मला काय ते माहीतच होतं. माहीत नव्हतं ते साहेबांना." त्यांनी मला आत बोलावलं नाही, पाणीही विचारलं नाही. दार मात्र आपटलं नाही, हळूच लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, नोकरी जाणार. ते हसले. "अहो, ते औषध केव्हाच बंद केलं. आता कशाला उकरून काढता?"

"बाईंना दोन ओळी लिहाल का, चूक त्यांची नव्हती म्हणून?"

"तुम्हीच लिहा. मी सही करतो."

म्हणून ते पत्रही माझ्याच अक्षरात गेलं. साहेबांनी न वाचताच सही केली. ज्या माणसाने बाईंना खोटं पाडलं, त्याचं अक्षर त्यांनी ओळखलंच असणार. माझी सगळी वही त्यांनी वाचली होती. उत्तर आलं नाही. माझी नोकरी राहिली, वरची जागाही राहिली. पुढच्या महिन्यात पगारवाढ झाली, आणि ती मी घेतली.