गंमत म्हणून केलेली बातमी

दिवाळी पाडव्याच्या सकाळी वसमतच्या आमच्या घरी मुलीने लॅपटॉपवर एक बातमी तयार केली. बातमीतली घटना घडलेली नव्हती. भाषा माझी होती.

मी तालुका वार्ताहर आहे. मुलगी हळदीच्या कंदकुजीवर संशोधन करते; सुट्टीला घरी आली होती. संशोधनाचे आकडे ती 'आर' नावाच्या संगणकभाषेत तपासते. डोके शिणले की गंमत म्हणून पायथन ही दुसरी संगणकभाषा उघडते. तिच्या प्रयोगशाळेत सगळेच असे करतात. कुणी पायथनमध्ये रांगोळ्या काढतो, कुणी सापशिडी मांडतो. तिने माझ्या जुन्या बातम्या त्यात घातल्या होत्या.

"कोणत्या शब्दामागं कोणता शब्द येतो, एवढंच ते बघतं, बाबा. बाकी त्याला काई कळत न्हाई."

"मग यांच्यात अन् त्याच्यात फरक काय?" फराळाचे ताट ठेवत बायको म्हणाली. "ते घडीघडी चहा मागत न्हाई, एवढाच."

मुलीने दोन बातम्या वाचून दाखवल्या. एक माझी, छापून आलेली, दुसरी यंत्राची. दोन्हींत विहिरीत पडून म्हैस दगावली होती. दोन्हींच्या शेवटी 'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे' होते. माझी कोणती, ते मी ओळखायचे होते. मी पहिली म्हणालो. पहिली यंत्राची होती.

दोघी हसल्या. मीही हसलो. माझे कान तापले होते. म्हशीची ती बातमी मी फोनवर माहिती घेऊन लिहिली होती. त्या गावाला गेलो नव्हतो. हळहळ मी पाहिली नव्हती.

"शेजारी सांगू नका," मी म्हणालो.

"काहून? गंमत तर हाय," बायको म्हणाली.

मुलीने माझ्याकडे पाहिले आणि लॅपटॉप मिटला.

त्याच आठवड्यात कुरुंद्याजवळ वीज पडून एक बैल दगावला. फोन आला. माहिती फोनवरच मिळत होती, तरी मी मोटारसायकल काढली. बैलाचा मालक गोठ्यासमोर बसला होता.

"तुमी कशाला तकलीफ घेतली? दरवेळी फोनवरच तर लिहून घेता," तो म्हणाला.

मी वही उघडली. त्याने गोठ्यातल्या दुसऱ्या बैलाकडे बोट केले.

"त्याच्या जोडीचा हाय. सकाळपासून पानी दाखवून राहिलो, तोंड लावंना."

घरी येऊन मी ते जसेच्या तसे लिहिले. हळहळीचे वाक्य घातले नाही. वृत्तपत्राच्या कार्यालयाला पाठवण्याआधी मुलीला दाखवले. तिने दोनदा वाचले.

"हे त्याला जमलं नसतं, बाबा."

बातमी दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर आली. जोडीच्या बैलाचे वाक्य त्यात नव्हते. शेवटी 'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे' असे छापले होते.