अर्ध्यात मिटलेलं सशाचं पुस्तक

माझ्या नणंदेला मी तोंडावर अहो-जाहोच करते. वन्सं, चहा घ्या. वन्सं, येते मी. मनात तिला काय काय म्हणते, ते लिहिण्यासारखं नाही.

ती आमच्या गावात, केंदूरातच दिलेली, आमच्या समोरच्याच घरात. मी रांजणगावच्या एका कंपनीत कामाला. सकाळी कंपनीची गाडी गल्लीच्या तोंडाशी येते, सासूबाई रानात जातात, म्हणून लेक दिवसभर नणंदेकडं. दुसरी सोय नव्हती. न्हाऊ-माखू घालायची, पोटभर भरवायची, त्यात खोट नाही. पण जीभ! आमच्याकडं पोरांची चेष्टा करायची एक रीतच आहे. तुला बोहारणीकडनं पातेलं देऊन घेतलंय, म्हणायचं आणि पोराचं तोंड वाकडं झालं की खदाखदा हसायचं. नणंदेनं त्यात स्वतःची भर घातली. माझी गाडी हलली की पोरीला म्हणायची, "गेली तुझी आई पळून. आता न्हाई येत. दुसरं बाळ आणाया गेली." पोरीनं भोकाड पसरलं की गल्लीतल्या बायांना हाका मारायची. "बघा, बघा कशी रडती!"

पोर इतकी भेदरली की मी न्हाणीत गेले तरी दाराला धडका द्यायची. झोपेतसुद्धा माझी ओढणी मुठीत. मी नणंदेला हात जोडून सांगितलं, तर मलाच म्हणाली, "अगं बाई, चेष्टा बी करू नये व्हय? आम्ही न्हाई का वाढलो?"

शिरूरच्या बाजारात मला चित्रांचं एक पुस्तक सापडलं. सशाची आई गवत आणायला जाते, पिल्लू रडतं, मग खेळतं, आणि शेवटच्या पानावर आई परत येते. मला वाटलं, सुटलो आपण. त्या आठवड्यात ओव्हरटाइम होता, घरी येईस्तोवर पोर झोपलेली असायची. म्हणून पुस्तक नणंदेच्याच हातात दिलं. म्हटलं, वन्सं, रोज दुपारी एवढं वाचून दाखवा.

सुट्टीच्या दिवशी लेक ते पुस्तक घेऊन माझ्या मांडीवर बसली. मधल्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "आई गेली. पिलू ललतंय. संपलं." आणि पुस्तक मिटून रडायला लागली.

"अगं, संपलं कुठं? पुढं बघ की."

"आत्या म्हंती, संपलं."

पुढची पानं कोरी करकरीत होती, कुणी उघडलीच नव्हती. मी तशीच समोरच्या घरात गेले. नणंद भाकरी थापत होती. विचारलं तर हसली. "रडती तवा लय ग्वाड दिसती गं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच क्षणी तव्यावरची भाकरी उचलून हिच्या हातावर ठेवावी, असं वाटलं. पण पोर उद्या परत तिच्याचकडं ठेवायची होती. दात-ओठ खात घरी आले.

मग मी स्वतःच पुस्तक केलं. कंपनीतनं खोक्याचा पुठ्ठा आणला, कापला, दोऱ्यानं शिवला. डाव्या पानावर एक कोंबडी, म्हणते, आई न्हाई येत. उजव्या पानावर कंपनीच्या निळ्या शर्टातली आई गाडीतनं उतरते. सगळी पानं तशीच. कुठंही मिटा, आई आलेलीच. आणि कोंबडीच्या नाकात मी मुद्दाम मोठी मोरणी काढली. आमच्या गल्लीत तसली मोरणी एकीच्याच नाकात आहे. हे पुस्तक मी नणंदेला दिलं नाही. रोज गाडी यायच्या आधी मी स्वतः वाचायचे, आणि पोर शब्द न् शब्द शिकली.

पुढं यवतहून नणंदेची जाऊ पाहुणी आली. नणंद तिच्यापुढं फार तोऱ्यात असते. मी घरीच होते, लेकीला घेऊन बसायला गेले आणि पुस्तक सोबत नेलं. का नेलं, ते मला चांगलं ठाऊक होतं.

लेकीनं पाहुणीच्या मांडीवर बसून वाचायला घेतलं. कोंबडीवर बोट. "ही आत्या. आत्या म्हंती, आई न्हाई येत. आत्या खोतं बोलती."

पाहुणीनं चित्रातली मोरणी बघितली, मग जावेच्या नाकाकडं बघितलं. "अगं बया, सेम तूच की!" तिच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. मी दारात जाऊन गल्लीतल्या त्याच बायांना हाका मारल्या. या गं, बघा, बघा! नणंदेचा चेहरा पडला. आत गेली, भांडी आपटली, पदरानं डोळे पुसताना मला दिसली. वाईट वाटलं का? छे! त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

दुसऱ्या सकाळी ती फणकारली, "चारचौघींत माझी शोभा केलीस."

"चेष्टा बी करू नये व्हय, वन्सं?"

तेव्हापासून रोज सकाळी लेक तिच्या कडेवर बसते आणि तिची हनुवटी धरून म्हणते, "आत्या, म्हन." नणंद माझ्याकडं बघत नाही, पण म्हणते, "येती. तुझी आई येती." पोर मला हात हलवून टाटा करते, रडत नाही. गल्लीच्या तोंडाशी ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो. वाजवू दे. तिनं म्हटल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही. एखाद्या दिवशी नुसती पुटपुटली, तर मी उंबऱ्याशीच उभी राहते.

"ऐकू न्हाई आलं, वन्सं."