आप्पांची म्हैस, पाडव्याच्या दिवशी

रक्षाविसर्जन करून परत येताना चौकात आप्पांचा फ्लेक्स दिसला. आमच्या कोल्हापुरात माणूस गेल्याचं पाहुण्यांच्या आधी फ्लेक्सवाल्याला कळतं. फोटो कुणाच्या तरी मोबाईलमधला होता. डोळ्यांवर काळा गॉगल लावलेले माझे वडील, शेजारी रंगवलेल्या शिंगांची म्हैस आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. म्हैस आप्पांपेक्षा मोठी दिसत होती. मला आधी हसू फुटलं, मग त्या हसण्याचा इतका संताप आला की रिक्षावाल्याला विनाकारण दोन शब्द सुनावले.

आप्पांनी चाळीस वर्षं घरोघरी दूध घातलं. आषाढात एका पहाटे धार काढायला उठले, गोठ्याच्या दारात बसले ते बसलेच. तिसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांनी दुसऱ्याचं दूध सुरू केलं. त्यांचं तरी काय चुकलं? चहा सगळ्यांनाच लागतो. पण दोघीतिघी आईला भेटायला म्हणून आल्या आणि जाताना दारात चप्पल घालता घालता मला विचारलं, "मग आता उद्यापास्नं दूध कोन घालनार?" मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गोठ्यात म्हशी चार होत्या, पण जीव एकीवर. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून गावातून फिरवतात. मालक पुढं फटफटीवर, सायलेन्सरची पुंगळी काढलेली, कानठळ्या बसतील असा आवाज. मागं म्हैस. ना दावं, ना काठी. ढोलताशातून, फटाक्यांतून, हजार माणसांच्या गर्दीतून ती फक्त आपल्या माणसामागं पळत जाते. आप्पा दसऱ्यापासून रोज तिला पळवून आणायचे, अंगावरचे केस वस्तऱ्यानं काढून नक्षी करायचे, शिंगांना मोरपिसं बांधायचे. तिच्या पायातले चांदीचे पैंजण त्यांनी हुपरीहून मुद्दाम करून आणले होते. आईच्या पायात तसले कधी आले नाहीत. पाडव्याला मिरवून दारात आले की आईनं आधी म्हशीला ओवाळायचं, मग त्यांना. आई दरवर्षी चिडायची आणि दरवर्षी तसंच ओवाळायची.

आप्पा गेल्यावर त्या म्हशीनं चार दिवस पान्हा सोडला नाही. वैरणीला तोंड लावलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई हेच सांगायची. आप्पा कसे गेले, शेवटी काय बोलले, हे कुणी विचारलं तरी ती म्हशीवर यायची. "चार दीस. पान्याला सुदिक तोंड लावलं न्हाय तिनं." ऐकणारे मान हलवायचे. पाचव्या दिवशी म्हैस खाऊ लागली, तेवढं मात्र आई सांगत नसे.

त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती. आकाशकंदील नाही, फराळ नाही. मी गडहिंग्लजहून आले ते नुसती आईजवळ बसायला. वसुबारसेच्या संध्याकाळी गल्लीतली मंडळी आली. पुढं होता आप्पांच्या हाताखाली तयार झालेला, आता चाळिशीला आलेला शेजारी. आप्पा गेल्यापासून आमच्या म्हशींच्या धारा तोच काढत होता.

"मामी, पाडव्याला मामांची म्हस दावनीला ऱ्हायली तर गाव शेन घालंल आमच्या तोंडात. दुखवटा घरात असू दे. म्हशीला कसला दुखवटा? मामांची आठवन म्हणून काढू की भाईर."

मला वाटलं, आई नाही म्हणेल. ती म्हणाली, "न्ह्या. पर ती याची न्हाय. त्यांच्याबगर पाऊल टाकायची न्हाय ती."

"न्हाय आली तर न्हाय आली."

ते गेल्यावर आईच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मला कळलं. ती म्हशीला मिरवायला पाठवत नव्हती. म्हैस भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर अडून बसावी, कुणाच्या बापानं हलवली तरी हलू नये, एवढंच तिला हवं होतं. फ्लेक्स तर चार दिवसांत उतरला होता. आता त्या जागी कुणाच्या तरी वाढदिवसाचा होता. खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. देवापुढं मी कधी काही मागत नाही, पण पाडव्यापर्यंत रोज मी ते मागितलं.

पाडव्याला त्यांनी म्हैस धुतली, रंगवली. पाठीवर वस्तऱ्यानं 'आप्पा अमर रहे' कोरलं. आप्पांच्या फटफटीच्या हँडलला त्यांचा फोटो, फोटोला झेंडूचा हार. आई उंबऱ्यात उभी. शेजाऱ्यानं दावं सोडलं, किक मारली. गल्ली हादरली. म्हशीनं मान वर केली.

एक क्षणभर ती उभी राहिली. आईनं माझा हात दाबला.

मग ती पळाली. नुसती गेली नाही, उधळली. शेपूट वर, पैंजण खणखणत, फटफटीच्या मागच्या चाकाला नाक लावून. पोरांनी शिट्ट्या मारल्या, बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची म्हातारी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "काय शिकिवलंय गं तुझ्या बानं!"

तासाभरानं ती मंडळी दारात परत आली. गुलालानं माखलेला शेजारी रडत होता आणि हसतही होता. "मामी, बगितलासा न्हवं? पार नदीपतोर. कुटं थांबली न्हाय की अडली न्हाय. मामांचं नाव राखलं की तिनं!" म्हैस त्याच्या खिशात तोंड खुपसून गूळ शोधत होती. त्या माणसाला काय बोलणार? आप्पांवर त्याच्याइतकं प्रेम गल्लीत कुणी केलं नसेल.

आईनं म्हशीला ओवाळलं. हात नेहमीसारखाच फिरला, एकदाही अडखळला नाही. मग ताट तसंच धरून ती थोडा वेळ उभी राहिली. ओवाळायला पुढं कुणी नव्हतं. ती घरात आली, दिव्याची वात बोटानं चिमटली आणि भिंतीला टेकून खाली बसली. बाहेर आप्पांच्या नावानं घोषणा चालल्या होत्या.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "आई, जनावर आहे गं ते. त्याला काय कळतंय?"

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मानसं इसरनार ह्ये ठावं हुतं मला," ती म्हणाली. "जनावर हाय म्हनून तर इस्वास ठिवला हुता."