बॅटरी काढलेली गाडी

“समदं बरोबर हाय, पण खत उतरवायचं कुणी?” काकूंनी विचारलं, आणि टायर बघायला वाकलेले काका काही लवकर वर येईनात.

दोघं सकाळपासून आमच्या यार्डात होते. उरुळीकडचं शेत, म्हशी, थोडी फुलं. फुलं मार्केटला न्यायची, वैरण आणायची, शेणखत रानात टाकायचं, सगळं एकाच गाडीत. आणि ती परवडली पाहिजे. नवी का नको असं यार्डाच्या मालकांनी, अण्णांनी विचारलं तर काका म्हणाले, शोरूममध्ये आधी गार सोफ्यावर बसवतात आणि तो गारवा हप्त्यात लावतात.

मी हडपसरला सासवड रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या यार्डात गाड्या धुते. यार्ड म्हणजे अण्णांचं पूर्वीचं शेतच. पीक गेलं, विहीर राहिली, तिच्याच पाण्यानं मी गाड्या धुते. शिकले सातवीपर्यंत, पण गाड्यांमध्ये राहून राहून गाड्या कळायला लागल्या. पाटे म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्ट्या, वजन त्या उचलतात. हौदा म्हणजे माल ठेवायचा मागचा भाग. फाळका म्हणजे हौद्याचं मागचं झाकण. शेतीला गाडी घेताना लोक रंग बघतात, बघायचे असतात पाटे. काकांनी पाटे बघितले होते. साधा पिकअप होता, भाव बसत होता, काका खुश होते. काकू नव्हत्या.

काकूंनी मग मलाच धरलं. म्हणाल्या, हे गाडी चालवणार, बांधावर उभं राहून मिशीवर हात फिरवणार, आणि खोरं घेऊन हौद्यात चढायचं मी. माझी कंबर गेलीय. आपोआप रिकामी होणारी नाही का तुमच्याकडं?

मी म्हणलं, आहे की. डंपिंगवाली आहे कोपऱ्यात, हौदा वर उचलतो, माल आपोआप खाली. पण बॅटरी काढलेली आहे, आज नाही चालू होणार.

हे मी म्हणलं. माझ्याच तोंडानं.

आता बॅटरीचं सांगते. आमच्याकडे उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून ठेवतात. एक तर चोरीला जातात, नाहीतर नुसत्या उभ्या उभ्या मरतात. चांगल्या बॅटऱ्या थोड्याच, त्या ऑफिसात. गिऱ्हाईक आलं की आमचे मेस्त्री मुनीरभाई त्या गाडीला तेवढ्यापुरती बॅटरी लावतात. म्हणून मी काय धरलेलं डोक्यात, की बॅटरी काढलेली गाडी म्हणजे भिंत. हलणार नाही, डुलणार नाही.

तेव्हा माझी परी आठ महिन्यांची होती. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, घरी बघायला कुणी नाही, यांची वारज्याला साइटवर ड्यूटी. अण्णा म्हणाले आण पोरीला, पण गिऱ्हाईकासमोर नको. मग मी तिला बॅटरी काढलेल्या गाडीत झोळी बांधून झोपवायचे. सावली सरकली की गाडी बदलायची. मुनीरभाईंना माहीत होतं सगळं. सकाळी तिला तीनचाकी टेम्पोत बांधली, ते त्यांनी बघितलं होतं. मग तिथं ऊन आलं म्हणून मी तिला हलवली, ते त्यांनी बघितलं नव्हतं.

कुठं हलवली, तर त्या डंपिंगवालीत. तिच्या हौद्यावर पाइपांची चौकट होती, वर ताडपत्री. छान गार. मधल्या आडव्या पाइपाला मी साडीची झोळी बांधली, मागची ताडपत्री खाली सोडली, आणि आले.

अण्णांनी मला चहा आणायला पाठवलं. कोपऱ्यावरच तर टपरी. जाताना मागून काकूंचा आवाज ऐकला, बघायला काय पैसं पडत्यात का. मी हसले पण होते.

चहाची किटली घेऊन गेटात आले आणि गाडी चालू झाल्याचा आवाज आला. रोज गाड्या धुणाऱ्याला आवाज कळतात. हा आवाज त्या कोपऱ्यातून यायला नको होता. मी बघितलं तर हौदा वर चाललाय. पुढची बाजू आभाळाकडे, मागची खाली. मुनीरभाई केबिनमध्ये, हात लिव्हरवर, तोंड काकांकडे, समजावून सांगतायत.

मला ओरडता येईना. खरंच सांगते, तोंड उघडलं होतं, आवाज नव्हता. किटली कधी पडली माहीत नाही. पायावर भाजलं ते संध्याकाळी कळलं.

त्या हौद्यात वाळूच्या गोण्या असतात. गाडीची लोड घालून ट्रायल घ्यायला त्या लागतात, आणि ताडपत्रीखाली कोरड्या राहतात म्हणून तिथंच ठेवतात. मुनीरभाईंना वाटलं, आतल्या गोण्याच खाली पाडून दाखवू. आत गोण्या आहेत हे त्यांना पाठ होतं, म्हणून त्यांनी आत बघितलं नाही. बाजूनंच फाळक्याच्या खिट्ट्या काढल्या आणि जाऊन बसले.

गोण्या सुटल्या. एकीवर एक, धडधड धडधड, ताडपत्री फाडून बाहेर. एक फुटली, वाळूचा धुरळा उडाला. मी पळत होते आणि त्या गोण्यांमध्ये साडीचा निळा रंग शोधत होते. मला दुसरं काही दिसतच नव्हतं, फक्त निळा शोधायचा.

काकू बाजूला उभ्या होत्या. त्यांनी वाकून आत बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “मेस्त्री, हात हलवू नका. आत पोर हाय.”

मुनीरभाईंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पांढरा पडला माणूस.

मी पोचले. हौदा असा तिरपा, वर आभाळाला लागलेला, आणि आत माझी झोळी सरळ. सरळ लटकलेली, जशी घरात आढ्याला असते. हौदा तिरका झाला, पाइप तिरके झाले, झोळी आपली जमिनीकडे तोंड करून सरळच. गोण्या तिच्या खालून निघून गेल्या होत्या. परी जागी होती. साडीचा काठ तोंडात घालून चघळत होती. मला बघितलं आणि मग रडायला लागली.

मी चढायला गेले तर काकूंनी दंड धरला. “थांब. तिरप्यावर तू घसरशील, झोळीला धरशील, दोघी खाली याल.” मग मुनीरभाईंना म्हणाल्या, आता आणा खाली, सावकाश. हौदा वीत वीत खाली आला. तेवढा वेळ मी काय केलं मला आठवत नाही. अण्णा सांगतात मी फाळका धरून उभी होते आणि तो सोडवेना.

तिला काढली, छातीशी धरली. वाळूतच बसले. मुनीरभाई खाली उतरून माझ्यासमोर बसले, “बेटा, मी सकाळी तिला तिकडं बघितली होती,” एवढंच परत परत म्हणत होते. मी म्हणलं, भाई, हलवली मीच. दोघंही रडत होतो. काका कुठं बघावं कळेना म्हणून वाळूकडे बघत होते.

आता नोकरी गेली हे मी धरूनच चालले होते. अण्णा आले, गोण्या बघितल्या, परीला बघितलं, माझ्याकडे न बघता म्हणाले, “गाडीबरोबर काय काय येतं ते गिऱ्हाईकाला आधी सांगत जा.” त्यांचा आवाज कापत होता, म्हणून कुणी हसलं नाही.

काका घसा साफ करून म्हणाले, गाडी उचलते मात्र चांगली. दोन्हींच्या भावात फार फरक नव्हता, अण्णा कमी करायलाही तयार होते. काकू किती वेळ त्या हौद्याकडे बघत राहिल्या. आपोआप रिकामी होणारी गाडी त्यांनाच पाहिजे होती, त्यांच्याच कंबरेसाठी. मग त्या म्हणाल्या, “आमची नातवंडं दिवसभर गाडीत खेळतात. हे मिशीवर हात फिरवत लिव्हर ओढतील. नको. पहिली घ्या, मी ओढीन खोऱ्यानं.”

काका म्हणाले, “मी ओढीन.”

काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की जणू लिहून द्या म्हणतायत. पण पिकअप घेतला. चाकाखाली लिंबू ठेवायच्या आधी काकूंनी मला हौद्यात चढायला लावलं. रिकामा आहे ना बघ म्हणाल्या. उघडा हौदा, खालूनही दिसत होतं. तरी मी चढले.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी ऑफिसातला जळका पंखा काढून टाकला आणि म्हणाले हूक मोकळा आहे. सासूबाईंचा डोळा बरा होईपर्यंत परीची झोळी तिथंच, गिऱ्हाईकांच्या डोक्यावर. अण्णा म्हणायचे, पोर रडायला लागलं की गिऱ्हाईक घासाघीस आवरतं घेतं. मुनीरभाई आता कुठल्याही गाडीला बॅटरी लावायच्या आधी हौद्यावर हात आपटतात, चढतात, बघतात, मगच वायर जोडतात. वाळूच्या गोण्या असल्या तरी गोण्यांच्या मागे बघतात.

गाड्या मी अजून धुते, कधी कधी दाखवतेपण. शेतीला गाडी घेणारे विचारतात काय बघायचं, मी सांगते पाटे बघा, टायर बघा, धूर बघा, आणि हौद्यात चढून बघा. बॅटरी काढलेली गाडी हलत नाही, हे बरोबर आहे. पण बॅटरी कुणीही उचलून आणतं.